तुम्ही न म्हटलेलं वाक्य

अप्पा,

तुमच्या शोकसभेतला ठराव मीच वाचला. माझा आवाज खणखणीत, माइक बंद पडला तरी मागच्या रांगेपर्यंत पोचतो, म्हणून जिल्हा मागणी समितीनं कागद माझ्या हातात दिला. "प्राध्यापक मन्मथप्पा यांची अखेरची इच्छा होती की उदगीर जिल्हा व्हावा आणि या तहानलेल्या मुलखात घरोघर पाणी यावं." वाचून झाल्यावर सगळे दोन मिनिटं उभे राहिले. बाहेर टँकरच्या रांगेत भांडण चाललं होतं, ते तेवढं ऐकू येत होतं.

असं तुम्ही कधी म्हणाला नव्हता. ते वाक्य मी लिहिलं होतं. सभेच्या आधी, मंगल कार्यालयाच्या पायरीवर बसून, मांडीवर कागद ठेवून. मला फार वेळ लागला नाही, आणि हेच सगळ्यात वाईट. पत्रकं लिहून लिहून हात इतका तयार झालाय की मेलेल्या माणसाच्या तोंडात वाक्य घालायलासुद्धा तो अडखळला नाही.

तुम्ही असता तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असता, "सलीमसाब, हे कवा म्हणलो मी?" तुम्ही 'साब' लावलं की समजायचं, आज आपली धडगत नाही. एरवी मी नुसता सल्या होतो.

मी सल्या कसा झालो ते तुम्हाला आठवत असेल. बसस्टँडवरच्या बंद नळाबद्दल मी पहिलं पत्रक काढलं होतं, आणि ते हातात धरून तुम्ही थेट आमच्या गाद्यांच्या दुकानात आलात. धोतर, खांद्यावर उपरणं, कपाळाला भस्म. अब्बा कापूस पिंजत होते. तुम्ही विचारलं, "हे कोन लिव्हलंय?" अब्बांना वाटलं, पोलिसाचं काही लफडं आहे. ते म्हणाले, "गलती हो गई साब, बच्चा है." मी आतून आलो, मान ताठ ठेवून. तुम्ही पत्रक माझ्यासमोर धरलंत.

"एवढे उद्गारचिन्हाचे दांडके कामून रोवले रे? मेंढरं बांधायची हायत का?"

मला राग आला. मी म्हणालो, लोक झोपलेत, त्यांना जागं करायला लागतं. तुम्ही खाली पडलेला कापसाचा पुंजका उचलला, बोटांत फिरवला आणि म्हणालात, "बापाकडून शिक. गादीत भुसा भरला तर पहिल्या रात्री कळत न्हाई. पण गिऱ्हाईक परत येतंय." अब्बा हसले. त्या दिवसापासून तुम्ही त्यांचे दोस्त, आणि मी तुमच्या रविवारच्या बैठकीतला एक.

त्या बैठकीतला नियम बाहेर सांगितला की लोक हसायचे. ज्याला कुणाच्या विरोधात बोलायचंय त्यानं आधी समोरच्याची बाजू मांडायची. पूर्वपक्ष. समोरच्याला पटेल अशी, त्याच्याच बोलीत, त्याच्यापेक्षा चांगली जमली तर आणखी बरं. त्यानं ऐकून "हेच म्हणलो मी" असं कबूल केलं, की मगच आपल्याला उत्तर द्यायचा हक्क. कबूल केलं नाही तर पुन्हा मांडायची. एकदा तर माझा अख्खा रविवार दारूदुकानाच्या मालकाची बाजू मांडण्यात गेला, आणि तो मालक तुमच्या खुर्चीत बसून आरामात चहा पीत "न्हाई, आसं न्हवं" म्हणत राहिला. मी वैतागून म्हणालो, "अप्पा, हे मठातलं शास्त्र झालं. असं करत बसलो तर मोर्चा निघायचा कधी?"

तुम्ही म्हणालात, "मठातलंच हाय. जुनं हाय. समोरच्याचं नीट ऐकून न घेता जिंकलेला वाद म्हंजी वाटमारी."

आणि बाई, तुमच्या पत्नी, चौथीत मला पाढे शिकवलेल्या आमच्या बाई, दारातून म्हणाल्या, "आणि स्वतः घरात कुणाचं ऐकून घेतात तेही विचार." तुम्ही म्हणालात, "तुझं ऐकून घ्यायला एक जन्म पुरतोय व्हय?" बाई पदराआड हसल्या. मला ते घर फार आवडायचं, अप्पा. आमच्या घरी अब्बा बोलतात आणि आम्ही ऐकतो. तुमच्या घरात भांडणाला पाट मांडलेला असायचा.

मग हा दुष्काळ आला. लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, सगळ्या देशानं ते टीव्हीवर पाहिलं. आपल्याकडं कुणी कॅमेरा घेऊन आलं नाही. गल्लीगल्लीत ड्रम, ड्रमवर नाव, नावावरून भांडण. आणि जिल्ह्याची जुनी मागणी पुन्हा उठली. शिवराजदादांनी समिती केली. मला बोलावून म्हणाले, "सलीम, लोकांच्या डोक्यात आत्ता फक्त पाणी हाय. जिल्हा पाण्याला जोड." मी जोडला. 'पाणी हवं तर जिल्हा हवा!' मला वाटलं, आयुष्यात याच्याइतकी धारदार ओळ मी लिहिली नाही. भिंतींवर गेली, रिक्षांवर गेली, लग्नाच्या मांडवात वरातीतली पोरं ती ओरडत होती.

नांदेडच्या हद्दीतली काही गावं नव्या जिल्ह्यात यावीत म्हणून आम्ही जीप घेऊन कंधारच्या बाजूला फिरलो. एका गावात भाषण झाल्यावर एक मावशी पुढं आली. कमरेवर घागर, रिकामीच. तिनं विचारलं, "मंग कवा येईल रे लेकरा पानी?" मी माइकवरून म्हणालो, "जिल्हा झाला की, मावशी!" तिनं घागर खाली ठेवली आणि माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ही गोष्ट मी रविवारी तुम्हाला छाती फुगवून सांगितली. मला वाटलं, तुम्ही खूश व्हाल. तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात.

"तिला काय सांगून आलास तू?"

"आशा देऊन आलो, अप्पा."

"लातूर जिल्ह्याचं ठिकाण हाय का न्हाई?"

"आहे."

"मंग तिथं पाणी रुळावरून कामून आणावं लागलं?"

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं असं नाही. आलं होतं, आणि मी ते बाजूला ढकललं होतं. तुम्हाला ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार. मग तुम्ही पूर्वी कधी न सांगितलेलं सांगितलंत. बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही खडी फोडायला गेला होता, आणि पुढं उस्मानाबादेतून लातूर वेगळा करा म्हणून जी पोरं फिरत होती त्यांत तुम्हीपण होता. "आम्ही बी हेच वाक्य लिव्हलं होतं, सल्या. वेगळे झालो की पाणी येईल. जिल्हा झाला, गुलाल उधळला. हापिसं आली, बंगले आले, लाल दिव्याच्या गाड्या आल्या. पाणी आलं न्हाई. आन् ज्या गावांत ते वाक्य बोललो त्या गावांत परत जाऊन 'आमचं चुकलं' म्हणायला आमच्यातला एक बी गेला न्हाई. मी बी न्हाई. मी नोकरीला लागलो आन् वर्गात राज्यशास्त्र शिकवत बसलो. समता म्हंजी काय, न्याय म्हंजी काय. पोरांनी पाठ केलं, पेपरात लिव्हलं, पास झाली. गावातला एक नळ हलला न्हाई त्यानं."

मी म्हणालो, तेच तर. पुस्तकातलं खरं कुणाच्या कामाला येतं? चळवळीत उपयोगी पडतं तेच खरं.

"उपयोगी कुणाला? त्या मावशीला, का तुझ्या मोर्चाला?"

"तहानलेल्या माणसाला खरं-खोटं करत बसायला वेळ नसतो, अप्पा."

"तहानलेल्यालाच कळतंय ते. रिकामी घागर उचलताना कळतंय." मग तुमचा आवाज उतरला. "मी तुझ्या बापाच्या दुकानात कामून आलो होतो, सांगू? माझं खरं कुणाच्या कामाला आलं न्हाई. तुझं लिव्हलेलं येतंय. ते खरं असू दे, येवढंच."

त्यावर मी नीट बोलायला हवं होतं. मी उठलो. तुम्ही म्हणालात, पुढच्या रविवारी माझी बाजू लिहून आण, पूर्वपक्ष, मग तुझं उत्तर ऐकतो. मी चपला घालत होतो. तुम्ही पाठीमागून अजून काहीतरी म्हणत होता, 'जिल्हा मला बी' असं काहीतरी. मी ऐकलं नाही. मी चिडलेल्या माणसासारखा पट्टा आवळत राहिलो, आणि माझा चहा तसाच राहिला.

पुढच्या रविवारी मी आलो नाही, त्याच्या पुढच्याही नाही. प्रचाराची जीप तुमच्या गल्लीतून जायची तेव्हा मी भोंगा बंद करू शकलो असतो. मी तो तुमच्या घराकडं वळवला. तुम्ही फाटकात उभे होता, हात वर करून मला थांब म्हणत होता. मी हातातल्या कागदात डोकं घातलं. ड्रायव्हर म्हणाला, "अप्पा बलावतेत." मी म्हणालो, "चल तू."

नंतर एका सकाळी अब्बांनीच येऊन सांगितलं, अप्पा गेले. पूजा करून उठले आणि तिथंच बसले.

तुम्ही नेहमी म्हणायचात, "आपली दोघांची शेवटची सोय सारखीच, सल्या, मातीच. फरक येवढाच की तुम्ही निजता, आम्ही लिंगायत बसतो." तुम्हाला बसवूनच नेलं. फुलांनी सजवलेल्या त्या पालखीसारख्या विमानात तुम्ही मांडी घालून, कपाळभर भस्म, गळ्यात बेलाचा हार, डोकं जरासं माझ्याकडं कललेलं. बैठकीत कुणी चुकीचं बोलायला लागलं की तुम्ही असेच कलायचात. अब्बांनी खांदा दिला. मी माती टाकली, पण तुमच्या तोंडाकडं बघितलं नाही.

आणि तिसऱ्याच दिवशी त्या पायरीवर बसून ठराव.

शिवराजदादांचं मी वाईट सांगणार नाही. त्यांची बाजू आधी सांगतो, नियमच आहे. ते म्हणाले, "अप्पांना मानणारी चार गावं हायत. त्यांचं नाव लागलं तर ती गावं येतील. त्यात अप्पांचं काय वाईट होतंय? मेलेल्या माणसाला पाणी नको आसंल व्हय?" त्यांना खरंच वाटतं की जिल्हा झाला तर सगळं सुधारेल. त्यांच्या घरातल्या बायका पहाटे उठून टँकरमागं पळतात, त्यांनी हे काही एसीत बसून ठरवलेलं नाही. त्यांना माहीत नव्हतं की तुमचा माझा वाद झालाय. मला माहीत होतं. त्यांनी सुचवलं, मी लिहिलं. तेव्हा शरम त्यांच्या वाटणीची नाही, माझ्या वाटणीची.

सभा संपल्यावर बाई माझ्याजवळ आल्या. रडलेल्या नव्हत्या. चौथीत उत्तर चुकलं की जवळ यायच्या तशा आल्या.

"सलीम, हे कधी म्हणाले रे ते?"

मी म्हणालो, "शेवटी शेवटी, बाई."

"कुणापाशी?"

"माझ्यापाशी."

"मी घरातच होते," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

मी आयुष्यभर दुसऱ्यांना लाज वाटायला लावायचा धंदा केला, अप्पा. अधिकाऱ्यांनो, लाज बाळगा. पुढाऱ्यांनो, लाज बाळगा. किती वेळा लिहिलं असेल. लाज म्हणजे काय वस्तू असते ते मला त्या मंगल कार्यालयात कळलं.

घरी येऊन मी एक नवीन पत्रक लिहिलं. मला वाटलं, आता धाडस करायचं. 'अप्पा जिल्ह्याच्या विरोधात होते! समितीनं त्यांच्या नावावर खोटं खपवलं! आणि ते खोटं मी लिहिलं!' सगळे दांडके पुन्हा रोवले. लिहिताना डोळ्यांत पाणी आलं, बरं वाटलं. छापायच्या आधी बाईंना वाचून दाखवायला गेलो.

त्यांनी मला तुमच्या समोरच्या खुर्चीत बसवलं. तुमची रिकामी. मी वाचलं. वाचून वर बघितलं, शाबासकी मिळेल म्हणून.

"हे बी तुझंच हाय," बाई म्हणाल्या. तुमच्या बोलीत म्हणाल्या; एरवी त्या शाळेतलं बोलतात.

"म्हणजे?"

"ते जिल्ह्याच्या विरोधात कधी होते? त्यांना जिल्हा हवा होता. तू गेलास त्या दिवशी तुझ्या पाठीमागं तेच तर सांगत होते. 'जिल्हा मला बी हवाय, पण पाण्यासाठी न्हाई.' पार फाटकापर्यंत आले तुझ्यामागं. तू गेलास. लातूरला एक दाखला काढायला जायचं तर माणसाचा दिवस जातो. म्हाताऱ्या माणसाचे दोन जातात. साहेब जागेवर नसला की परत. हापिस जवळ आलं तर तो दिवस वाचेल. तेवढ्यासाठी जिल्हा मागा आणि तेवढंच सांगा, पाण्याचं भांडण उसाचं, बोअरचं, तळ्यातल्या गाळाचं, ते वेगळं भांडा, असं म्हणत होते. तुझी जीप जाताना फाटकात हात करत होते ना, ते हेच सांगायला."

मी म्हणालो, "एवढ्याशा कारणावर मोर्चाला कोण येईल, बाई?"

तोंडातून निघून गेलं आणि मग मला ऐकू आलं.

बाई म्हणाल्या, "त्यांना मीही हेच विचारलं होतं. ते म्हणाले, येतील तेवढे येतील. खरं कारण लहान असतंय, म्हणून सल्याला त्याची लाज वाटतीय."

तर असं आहे, अप्पा. समितीच्या कागदात मी तुम्हाला पाण्याचं वचन देणारा करून ठेवलं. माझ्या धाडसाच्या कागदात जिल्ह्याचा विरोधक करून ठेवलं. एकात मोर्चाला फायदा, दुसऱ्यात मला. दोन्ही वेळेस तुम्ही जे म्हणालात ते माझ्या पाठीमागं, फाटकापाशी पडून राहिलं. तुमच्या जिवंतपणी मी तुमचं अर्धं वाक्य ऐकलं आणि मेल्यावर बाकीचं अर्धं स्वतः बनवलं.

ते दुसरं पत्रक मी फाडलं. शिवराजदादांकडं गेलो आणि म्हणालो, ठरावातली ओळ काढा. ते म्हणाले, "ठरावासकट निवेदन कवाच पोचलं लातूरला." मग मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "तुला सांगायचं तर सांग. मी आडवणार न्हाई. पण समितीचं पत्रक हितून पुढं दुसरा कुणी लिहील." मी म्हणालो, बरं. त्यांनी मला दारापर्यंत सोडलं. मला वाटतं त्यांनाही वाईट वाटलं.

म्हणून हे पत्र मी माझ्या नावानं, पत्रकांच्याच हलक्या कागदावर, त्याच छापखान्यात छापून घेतोय. जिथं जिथं ती पाण्याची ओळ बोललो तिथं वाटणार आहे. कंधारच्या बाजूच्या त्या गावातही जाणार आहे. मावशी भेटली तर तिला सांगणार आहे की जिल्हा झाला तर कचेरी जवळ येईल, पाण्याचं मी खोटं सांगितलं. तिनं माझ्या तोंडावरून फिरवलेला हात परत कसा द्यायचा ते मला माहीत नाही. तुमच्या पिढीतलं कुणी परत गेलं नाही म्हणालात. मी जातो. मी तुमच्यापेक्षा मोठा म्हणून नाही, तुम्ही ते मला सांगून ठेवलंत म्हणून.

आता तुमचा पूर्वपक्ष. रविवारी आणायचा राहिला होता.

अप्पांचं म्हणणं असं: उदगीर जिल्हा व्हावा. लातूरला हेलपाटा मारण्यात गरिबाचा दिवस जातो, तो वाचावा. जिल्ह्यानं पाणी येत नाही. पाण्याचं भांडण वेगळं आहे, ऊस कुणाचा, बोअर कुणाचं आणि तळ्यातला गाळ कोण काढणार याचं आहे, आणि ते जिल्हा झाल्यावरही इथल्या इथं, आपल्याच लोकांशी भांडावं लागेल. लोकांपुढं लहान खरं ठेवावं आणि जेवढे येतील तेवढ्यांना घेऊन चालावं.

हे मी बाईंना वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मी विचारलं, "बाई, हेच ना?"

"मी माझ्यापुरतं सांगेन," त्या म्हणाल्या. "त्यांच्या वतीनं 'हेच' म्हणणारी मी कोण?"

मग आम्ही दोघं तुमच्या खुर्चीकडं बघत बसलो. त्यांनी चहा केला. तो मी या वेळेस पूर्ण प्यालो.

अप्पा, माझ्याकडं अजूनही उत्तर आहे. लहान कारणानं मोठी माणसं हलत नाहीत, हे मला आजही वाटतं, आणि त्यावर तुमच्याशी अख्खा रविवार भांडायचंय. पण तुम्ही 'हेच म्हणलो मी' म्हटल्याशिवाय मला बोलायचा हक्क नाही. तुमचाच नियम. आता माझी पाळी येणार नाही.

तुमचा,
सल्या